नक्षी पानावर ठेवा, प्राण्याच्या अंगावर नको

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि सोबत जोडलेली दोन्ही चित्रं मोठी करून पाहिली. प्रश्न थोडक्यात असा: सोळाव्या शतकातला चित्रकार योरिस हुफनागेल याची किडे-फुलांची पानं तुम्हाला भावली आणि तसंच एक पान तुम्ही करायला घेतलंत. मधोमध सोनकीची फांदी, वर चतुर, खाली दोन बाजूंना दोन गोगलगायी, भोवती सोनेरी लंबगोल रेघ. पहिलं चित्र बारावीच्या जर्नलमधल्या आकृतीसारखं कोरडं झालं. दुसऱ्यात तुम्ही सजावट वाढवलीत तर ते लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं. म्हणून तुम्ही विचारताय की शास्त्र किती आणि सजावट किती, याचं काही प्रमाण असतं का.

मी गेली २२ वर्षं कीटकांची चित्रं काढते. त्यातली पहिली बरीच वर्षं फक्त संशोधकांसाठी, म्हणजे ज्या चित्रावरून जात ओळखता यावी अशी. हुफनागेलकडे मी उशिरा वळले आणि तुमच्यासारखीच अडखळले. त्यामुळे सांगते, प्रमाणाचा प्रश्न मनातून काढून टाका. 'किती' हा प्रश्न विचारला की आपण प्राणी थोडा सजवतो आणि सजावट थोडी खरी करतो, आणि दोन्ही बिघडतं. विचारायचं ते 'कुठे'. त्या चांगल्या पानांत निरीक्षण एका जागी असतं, नक्षी दुसऱ्या जागी असते, आणि दोघांना जोडणारी एक तिसरी गोष्ट असते. तुमच्या दुसऱ्या चित्रात नक्षी चतुराच्या पंखांत शिरली आहे. अडचण तिथे आहे.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. चित्र कशासाठी आहे यावर बरंच ठरतं. एखाद्या संशोधन निबंधात छापायचं असेल तर लंबगोल रेघ, सोनं, रचना हे सगळं बाजूला ठेवा, तिथे त्याचं काम नाही. कापडावर छापायचा नमुना करायचा असेल तर उलट, प्राण्याचा आकार सोपा करावाच लागतो. तुमच्यासमोर खरा नमुना आहे की फक्त फोटो, यानेही फरक पडतो. मी पुढे लिहितेय ते तुमच्यासारख्या पानाबद्दल, जे भिंतीवर लागेल किंवा कुणाला भेट जाईल, आणि तरीही किडे ओळखणाऱ्या माणसाने पाहिलं तर त्याने मान डोलवावी अशी तुमची इच्छा आहे.

आता हुफनागेलकडे येऊ, कारण तुम्ही त्याची पानं पाहिलीत पण त्यामागची परंपरा पाहिली नसावी. पंधराव्या शतकाच्या शेवटी घेंट आणि ब्रूज (आजच्या बेल्जियममधली शहरं) इथल्या चित्रकारांनी प्रार्थनापोथ्यांच्या समासात एक नवी गोष्ट सुरू केली. आधी समासात वेलबुट्टी असायची. यांनी समास सोनेरी रंगाने सपाट भरला आणि त्यावर फुलं, फुलपाखरं, माश्या अशा काढल्या की जणू कुणी नुकत्याच तोडून पानावर विखुरल्यात. प्रत्येक वस्तूखाली तिची छोटीशी सावली. हुफनागेल या परंपरेतला शेवटचा मोठा माणूस. जन्म १५४२, अँटवर्पचा. वडील हिऱ्या-रत्नांचे व्यापारी. मला हा तपशील नेहमी महत्त्वाचा वाटतो: ज्या घरात लहानपणापासून खड्याचा एकेक पैलू उजेडात फिरवून पाहतात, त्या घरातला मुलगा भुंग्याच्या पाठीवरची चकाकी तशीच पाहणार. पुढे तो म्युनिकच्या ड्यूकच्या आणि मग सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी राहिला. त्याची चार तत्त्वांवरची चार पुस्तकं, म्हणजे अग्नी, पृथ्वी, जल आणि वायू, आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. चर्मपत्रावर जलरंग आणि अपारदर्शक रंग, सुमारे ३०० पानं. अग्नीच्या खंडात माणूस आणि किडे आहेत.

त्या अग्नीच्या खंडातलं एखादं पान घ्या आणि दोन वेळा पाहा. पहिल्यांदा डोळे बारीक करून. तुम्हाला फक्त रचना दिसेल: लंबगोल सोनेरी रेघ, मधल्या अक्षाभोवती तोलून मांडलेले ठिपके, वर-खाली लॅटिन वचनांच्या ओळी. हा सगळा भाग शुद्ध सजावटीचा आहे. दुसऱ्यांदा एकच किडा पाहा, बाकी पान हाताने झाकून. आता त्यात सजावटीचं काही सापडत नाही. पायाचे सांधे जिथे असायला हवेत तिथे, अंगावरचे केस जिथे असतात तिथेच. हुफनागेलने किड्याला पानाच्या शिस्तीत बसवलंय, पण पानाची शिस्त किड्याच्या अंगावर लादलेली नाही. हे मी जितक्या वेळा पाहते तितक्या वेळा मला त्याचा संयम थक्क करतो.

याच खंडातल्या एका पानावर त्याने चतुरांची शरीरं रंगवली आणि पंख मात्र खऱ्या चतुराचे आणून चिकटवले. तुमचं चित्र चतुराचं आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. ज्याने माशीच्या पायावरचे केस रंगवले त्याला पंखांची जाळी रंगवता येत नव्हती असं नाही. माझ्या मते तो तिथे कबुली देतोय की ही जाळी इतकी ठरलेली, इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्या जवळपास जाणारी नक्षी काढण्यापेक्षा ती स्वतःच इथे असावी.

आता उलट उदाहरण, तेही त्या काळच्या सगळ्यात मोठ्या हाताचं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०२ मध्ये ससा काढला, तो व्हिएन्नाच्या आल्बेर्टिनात आहे. १५०५ मध्ये त्याने शिंगवाला भुंगा काढला, तो लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. दोन्ही चित्रांत भोवती काही नाही, कोरा कागद आणि सावली. सशाच्या डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे, केसांची दिशा प्रत्येक अवयवावर वेगळी आहे. आणि याच माणसाने १५१५ मध्ये गेंड्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यात गेंड्याच्या खांद्यांच्या मध्ये एक जास्तीचं पिळाचं शिंग आहे, पाय खवल्यांचे आहेत, आणि अंगावरच्या कातड्याच्या घड्या पत्र्यांनी जोडलेल्या चिलखतासारख्या आहेत.

या गेंड्याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. आल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याच्यासाठी जहाजावर चढवला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघालं आणि २० मेला लिस्बनला पोचलं. तिथून एक पत्र आणि एक रेखाटन ड्यूररच्या गावी, न्यूर्नबर्गला गेलं. ड्यूररने गेंडा स्वतः कधीच पाहिला नाही. गेंडा पुढे पोपला भेट म्हणून पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासोबत बुडाला.

ड्यूररने ठसा केला त्याच वर्षी, १५१५ मध्ये, आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही त्या गेंड्याचा ठसा केला. त्यातला गेंडा साधा आहे, पुढचे पाय दोरीने जखडलेले आहेत, अंगावर इतकं नक्षीकाम नाही. तो खऱ्या प्राण्याच्या जास्त जवळ जातो, पण त्याचा एकच ठसा आज उरलाय. ड्यूररचा मात्र पुन्हा पुन्हा छापला गेला. झुरिकच्या कोनराड गेस्नरने १५५१ पासून प्राण्यांचा जो प्रचंड ग्रंथ छापायला घेतला त्यात ड्यूररचाच गेंडा आला. अठराव्या शतकात क्लारा नावाची जिवंत गेंडी युरोपभर फिरवली गेली, फ्रान्समध्ये उद्रीने १७४९ मध्ये तिला समोर पाहून रंगवलं, तोवर युरोपच्या मनातला गेंडा चिलखतवालाच होता.

मी हे चित्र कमी लेखत नाहीये. ते अद्भुत आहे. पण त्यातून आपल्यासारख्यांनी काय घ्यायचं ते नीट पाहा. भारतीय गेंड्याच्या कातड्याला खरंच मोठ्या घड्या असतात, खांद्यावर आणि मांड्यांवर खरंच गाठी असतात. म्हणजे ड्यूररकडे आलेली माहिती बरीचशी खरी होती. गाठी कशा दिसतात, घडी कुठे संपते, हे त्याच्याकडे नव्हतं, आणि ती मोकळी जागा त्याच्या हाताने ओळखीच्या नक्षीने भरली. न्यूर्नबर्ग चिलखतं घडवणाऱ्यांचं शहर. सशात अशी मोकळी जागाच नव्हती, कारण ससा समोर होता. पाहिलेलं जिथे संपतं तिथे आपला हात सवयीचा आकार काढतो. तो वाईट हेतूने काढत नाही, रिकामं राहू नये म्हणून काढतो.

माझ्या बाबतीत हे एका रातकिड्यावर घडलं. कीटकांच्या चित्रात वेळ वाचावा म्हणून आम्ही अर्धं शरीर मोजून काढतो आणि ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरं अर्धं उतरवतो. भुंग्याला ते बहुतेकदा चालतं. मी रातकिड्यालाही तेच केलं. पाठीवर दोन्ही पंख मधल्या रेषेवर आरशातल्यासारखे जुळले. चित्र फार देखणं दिसत होतं. ज्या संशोधकांसाठी काढलं त्यांनी शांतपणे नमुन्याची पेटी पुढे केली. रातकिड्याचे पुढचे पंख एकावर एक असतात, साधारणपणे उजवा वर आणि डावा खाली, आणि त्या एकमेकांवर घासण्यातूनच त्याचा आवाज येतो. मी समतोलासाठी त्याचा आवाजच काढून घेतला होता. ते चित्र मी परत काढलं. त्या दिवसापासून ट्रेसिंग उलटं करण्याआधी मी नमुना पुन्हा एकदा पाहते.

आता तुमच्या चित्राकडे येते. तुमच्या चतुराच्या पंखांत तुम्ही सगळीकडे सारख्याच जाडीच्या, सारख्याच आकाराच्या चौकटी भरल्यात. खिडकीच्या जाळीसारख्या. खऱ्या पंखात पुढच्या कडेच्या शिरा जाड असतात, मागे जाता जाता बारीक होतात. पुढच्या कडेच्या साधारण मध्यावर एक गाठीसारखा खाचेचा भाग असतो, तिथे शिरांची मांडणी बदलते. टोकाजवळ एक गडद ठिपका असतो, तो रंगाने भरलेला छोटा पट्टा आहे, तुमच्या चित्रात तो नाहीच. आणि मागचे पंख बुडाशी पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तुम्ही चारही सारखे केलेत, त्यामुळे तो चतुर आहे की टाचणी (चतुराचाच बारीक भाऊबंद किडा) हेच कळत नाही. टाचणीचे पुढचे-मागचे पंख साधारण सारखे असतात, आणि ती बसताना बहुतेक वेळा ते मिटून घेते. हे सगळं काढायला शेकडो चौकटी मोजायची गरज नाही. मुख्य शिरा अचूक काढा, गाठ आणि ठिपका जागेवर ठेवा, मग मधली जाळी हलक्या हाताने केलीत तरी डोळा ती खरी मानतो.

गोगलगायींचं वेगळं आहे. डावीकडची तुम्ही छान पाहून काढलीत. उजवीकडची तिचीच उलटी प्रत आहे, समतोलासाठी. त्यामुळे ती डावरी झाली. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की ते उजव्या बाजूला उघडत असेल तर तो उजवा. बहुतेक गोगलगायी उजव्या असतात, डावऱ्या जाती थोड्या आहेत. ही चूक फार थोर लोकांकडून झालीय. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र छापताना उलटतं, म्हणून कोरताना वस्तू उलटी काढावी लागते. रेम्ब्रांटने १६५० मध्ये एक सुंदर शंख कोरला, सही बरोबर उलटी कोरली, पण शंख समोर दिसला तसाच कोरला, आणि छापल्यावर तो डावरा झाला. तुम्ही दुसरी गोगलगाय उलटी करू नका. तिला दुसऱ्या कोनातून बसवा, किंचित लहान घ्या, किंवा तिथे तेवढ्याच वजनाचं दुसरंच काही ठेवा, एखादी सुकलेली शेंग. पानाचा तोल वजनाने साधतो, आरशाने साधावा लागत नाही. हुफनागेलच्या मुलाने, याकोबने, वडिलांच्या चित्रांवरून १५९२ मध्ये फ्रांकफुर्टला कोरीव चित्रांचा एक संच छापला, चार भाग आणि प्रत्येकात १२ चित्रं. त्यातली पानं पाहा. मध्ये एक फूल, दोन बाजूंना जोड्या, पण जोडीत एकीकडे माशी असेल तर दुसरीकडे अळी.

सुरुवातीला मी तिसरी गोष्ट म्हटलं होतं, ती म्हणजे सावली. तुमच्या दोन्ही चित्रांत सावली नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. सावली नसली की चतुर आणि सोनेरी रेघ एकाच सपाटीवर येतात, मग चतुर नक्षीचाच भाग वाटतो. सावली पडली की पान जमीन होतं आणि किडा त्यावर येऊन बसलेला. मग रेघ कितीही सजलेली असू दे, किडा तिच्यापासून सुटा राहतो. हुफनागेलने ही युक्ती कुठवर नेली त्याचं एक पान गेटीमध्ये आहे. गेओर्ग बोच्काय नावाच्या राजलेखकाने १५६१-६२ मध्ये सुलेखनाच्या नमुन्यांचं एक पुस्तक लिहिलं होतं. सुमारे ३० वर्षांनी हुफनागेलने रुडॉल्फसाठी त्यातल्या मोकळ्या जागांत फुलं-किडे रंगवले. एका पानावर फुलाचा देठ चर्मपत्राला पाडलेल्या चिरेतून आत गेल्यासारखा रंगवलाय, आणि पान उलटलं की मागच्या बाजूला तोच देठ बाहेर आलेला रंगवलाय. चीर नाही, देठ नाही, सगळा रंग. पण पान ही खरी वस्तू आहे हे ते चित्र तुम्हाला मान्य करायला लावतं.

तुमच्यासाठी इतकंच पुरे: उजेड डावीकडून वरून येतोय असं एकदा ठरवा आणि सगळ्या वस्तूंना तोच ठेवा. शास्त्रीय चित्रांतही हाच संकेत आहे, त्यामुळे हाताला सवय होईल. सावली करड्या-तपकिरी पातळ रंगाची. जिथे पाय कागदाला टेकतो तिथे ठळक आणि तीक्ष्ण, दूर जाताना फिकी आणि पसरट. काळा रंग वापरू नका, तो भोक पाडतो. सोनेरी रेघेवर सावली पडत असेल तर ती पडू द्या, ती टाळून रेघ चकचकीत ठेवण्याचा मोह होतो.

म्हणजे आतापर्यंत तीन जागा झाल्या: प्राण्यात पाहिलेलं, पानात नक्षी, मध्ये सावली.

रचना करताना मी सरळ कागदावर काढत नाही. चतुर, फांदी, गोगलगाय वेगवेगळ्या कागदांवर नीट अभ्यासून काढते, कातरते, आणि कोऱ्या पानावर सरकवत बसते. कधी दोन दिवस. हान्स होफमानने १५८५ च्या सुमारास ड्यूररचाच ससा उचलून भोवती झाडं, पानं, किडे रचून मोठं तैलचित्र केलं, तेव्हा तोही याच रीतीने विचार करत असणार: ससा हलवायचा नाही, भोवतालचं हलवायचं. तुमची सोनकीची फांदी सध्या बरोबर मध्यावर उभी आहे. तिला किंचित कलती करून पाहा. आणि पाकळ्या मोजून काढा, अंदाजाने गोल भरू नका. फुलाच्या बाबतीत हात फार लवकर रांगोळीकडे वळतो.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. गुळगुळीत दाबलेला कागद हवा, खडबडीत कागदावर पायाचे केस येत नाहीत. सोन्यासाठी त्या काळी सोन्याची पूड डिंकात कालवून शिंपल्यात ठेवत. आज तशीच वडी मिळते, महाग असते. ती परवडत नसेल तर गेरू आणि पिवळ्या मातीच्या रंगाची साधी रेघ काढा. बाजारातला चमकीचा सोनेरी रंग मात्र टाळा, लग्नपत्रिकेचा भास निम्मा त्यानेच झालाय.

तुम्ही शेवटी विचारलंत की हे सगळं परक्यांचं, आपल्या मातीत असं काही आहे का. मुघल चित्रकार मन्सूरचा टर्की पक्षी शोधून पाहा, तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीरसाठी काही अनोळखी प्राणी-पक्षी नेले, त्यात टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो असं लिहिलंय आणि त्याचं चित्र काढायला सांगितलं. मन्सूरने पिसाच्या रांगा, मानेच्या गाठी सगळं समोर पाहून उतरवलं. गोव्याहून गेलेला गेंडा ड्यूररला दिसला नाही, गोव्याहून गेलेला टर्की मन्सूरच्या समोर उभा होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, मी वर इतकं लांबण लावून सांगितलेलं एका नजरेत दिसेल. आणि मुघल मुरक्क्यांत, म्हणजे चित्र-सुलेखनाच्या संग्रहवह्यांत, फुलांची नक्षी कुठे असते तेही पाहा: हाशियात, म्हणजे समासात.

पुढचं चित्र करताना चतुर पकडू नका, काही कीटक कायद्याने संरक्षित आहेत आणि मेलेले चतुर पावसाळा सरताना तळ्याकाठी, दिव्याखाली सापडतातच. सापडला तर त्याच दिवशी डोळ्यांचा आणि पोटाचा रंग कागदावर लावून ठेवा, आकार नंतर काढता येतो. एका रात्रीत डोळे तपकिरी पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आठवणीतला रंग लावायला लागाल.